क्षमा कोणाला आणि कशाची?

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. प्रांजळपणा, विनोद, घरगुती भाषा या गुणांची पारायणे झाली. ख्रिस्ती व्यासपीठावरून या ग्रंथाचा दाखला मी लहानपणापासून निराळ्याच कारणासाठी ऐकत आलो: धर्मांतराने दुरावलेल्या नवऱ्याला पत्नीने क्षमा केली, तशी तुम्हीही आपल्या माणसांना करा. माझे भांडण या वाचनाशी आहे.

घटना ठाऊक असलेल्याच आहेत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. पुढची काही वर्षे त्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, मग नवऱ्याकडे गेल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. ग्रंथ चार भागांत आला तो १९३४ ते १९३६ या काळात, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. या चाळीस वर्षांत बाई काही विसरल्या नाहीत. टिळकांचा तापटपणा, घरातले उचलून दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची रीत, ताटातुटीत झालेली स्वतःची दैना, सारे त्यांनी लिहिले. नवऱ्यावरचे प्रेम लपवले नाही आणि त्याची चूकही लपवली नाही. ही क्षमा मुकाट्याने गिळलेली नाही, हिशेब मांडून केलेली आहे.

बायबलातही क्रम हाच आहे. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात सत्तरपट सात वेळा क्षमा करण्याची आज्ञा येते, ती व्यासपीठाला पाठ आहे. पण त्याच अध्यायात तिच्या आधी दुसरी आज्ञा आहे: भावाने अपराध केला तर एकांतात त्याला दाखवून दे, ऐकले नाही तर साक्षीदार ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. आधी अपराध सांगणे, मग क्षमा. पहिली आज्ञा गाळून दुसरीच ऐकवली की क्षमा हे दुबळ्याचे तोंड बंद करण्याचे साधन होते.

अपराध उघड मांडला की आणखी एक गोष्ट घडते. काही अपराध अपराधच नव्हते, हे कळून येते. ‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण मला इथे दिसते. टिळक बायकोला मागे सोडून गेले, हा अपराध. तो क्षमा करण्याजोगा. पण टिळक बाटले, जातीबाहेर गेले, हा अपराध होता काय? लक्ष्मीबाई एकत्र राहू लागल्यावरही प्रथम आपले सोवळे सांभाळत होत्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न पुढे त्यांनी स्वतःलाच विचारला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. इथे त्यांनी नवऱ्याला क्षमा केली नाही. त्या स्वतः बदलल्या. व्यासपीठ या दोन्ही गोष्टींना एकच नाव देते, म्हणून बाईंचे खरे धाडस झाकले जाते.

हा फरक मला पुस्तकाने नव्हे, घराने शिकवला. आम्ही नगरकडचे, महारवाड्यातले ख्रिस्ती. १९५६ साली काकांनी बाबासाहेबांमागून धम्माची दीक्षा घेतली. वडिलांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. एका भिंतीला लागून दोन घरे, पण सोळा वर्षे एकाने दुसऱ्याच्या घरचा घोट प्यायला नाही. गावाने आम्हांला पाण्यापासून दूर ठेवले, आणि आम्ही एकमेकांना! १९७२ च्या दुष्काळात आजी गेली. तिला माती दिल्यावर पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून वडील काकांपुढे आले आणि म्हणाले, “मी तुला क्षमा केली.” काका शांतपणे म्हणाले, “दादा, पण माझा गुन्हा कोणता?”

वडिलांना उत्तर देता आले नाही. त्या रात्री मात्र ते काकांच्या घरी गेले आणि त्यांनी पाणी मागितले. क्षमा हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही. माझ्या मते त्या मागितलेल्या तांब्यात प्रवचनापेक्षा अधिक ख्रिस्त होता.

एक प्रश्न उरतो. लक्ष्मीबाईंपाशी अक्षर होते, टिळकांचे नाव होते, ऐकून घेणारा वाचक होता. अहमदनगरच्या मिशनमध्ये आलेल्यांत बहुसंख्य महार-मांग होते. त्यांच्या घरांतही नवरे गेले, भाऊ तुटले, सुना एकट्या पडल्या. त्यांच्यापैकी किती जणींचा जबाब कागदावर आला? त्यांनी क्षमा केली असेलही. पण अपराध कोणता होता, हे त्यांना कोणी विचारले नाही. त्यांचा हिशेब मांडला जात नाही तोवर त्यांच्या वतीने ‘क्षमा झाली’ असे जाहीर करण्याचा अधिकार ना मंडळीला आहे, ना समीक्षकाला.