तान्हा पोळ्यातील लाकडी बैल : गुरांच्या बाजाराची स्मृती आणि विस्मृती

प्रस्तावना : गुरांच्या व्यापाराचा इतिहास सार्वजनिक शिल्पातून जपण्याची प्रथा पाश्चात्त्य पशुपालक प्रदेशांत रुजलेली आहे. अमेरिकेतील डॅलस शहरात रॉबर्ट समर्स यांनी घडविलेले ४९ कांस्य बैल व ३ घोडेस्वार गुराखी हे त्याचे ठळक उदाहरण होय. भंडारा जिल्ह्याची भातशेतीही बैलांच्या बळावर उभी राहिली. येथील स्मृती मात्र तान्हा पोळ्याच्या लाकडी बैलात आढळते. या कलारूपात काय जपले गेले आणि काय वगळले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुले चाकांवरचा लाकडी बैल सजवून मिरवितात व घरोघरी बोजारा मागतात. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. उंच वशिंड, ताठ शिंगे व रंगीत झूल यांतून सुताराची जाणकार दृष्टी प्रत्ययास येते. हे शिल्प चौथऱ्यावर खिळलेले नसून मुलांच्या हाती दोरीने ओढले जाते, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

तथापि हा बैल सदैव तरुण असतो. बाजारात बैलाचे दात पाहून दुदाती, चौदाती, सहादाती अशी प्रतवारी होते. महाराष्ट्रातील अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरविण्याची रीत आहे. या व्यवहाराची खूण लाकडी बैलावर उमटत नाही. ही उणीव केवळ कलात्मक नाही. १९७६ च्या अधिनियमानुसार प्रमाणपत्राच्या अटीवर बैलांच्या कत्तलीस अनुमती होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती पूर्णतः निषिद्ध झाली. म्हाताऱ्या बैलाच्या विक्रीतून नव्या जोडीच्या खरेदीस मिळणारा आधार त्यामुळे खचला. मोठ्या पोळ्याच्या झडत्यांत शेतकऱ्याच्या दैन्यावर बोट ठेवले जाते. लाकडी बैलाच्या सजावटीत त्या दैन्यास स्थान नाही.

निष्कर्ष : डॅलसच्या शिल्पसमूहातही गुरे हाकली जातात, विकली जात नाहीत. म्हणजे बाजाराचा विसर हा केवळ येथील दोष नव्हे. परंतु तान्हा पोळा दरवर्षी नव्याने घडत असल्याने येथे दुरुस्तीस वाव आहे. सजावट स्पर्धांतील परीक्षणात अलंकरणाबरोबर बाजाराची भाषा, दलालांचे संकेत व थकलेल्या बैलाचे रूप यांनाही स्थान मिळाल्यास हे कलारूप पूजेइतकेच इतिहासाचेही वाहक ठरेल.