शकुन, माग आणि पूर्वनिमित्त

दलित साहित्यावर लिहिताना आपल्या समीक्षेला तीन-चार शब्दांची फार हौस आहे. कवितासंग्रह आला की ‘नव्या युगाची नांदी’ होते, कथा आली की ‘परिवर्तनाची चाहूल’ लागते. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत असे धरून ते वापरले जातात. माझा आक्षेप तिथेच आहे. पुढे येणाऱ्या गोष्टीची खूण सांगणारे मराठीतले शब्द एका जातकुळीचे नाहीत. आणि ‘जातकुळी’ हा शब्द मी इथे जाणूनबुजून वापरतो आहे.

नांदी ही संस्कृत नाटकाच्या आरंभीची देवस्तुती. (आमच्या तमाशात गण असतो. पण ‘नव्या युगाचा गण’ असे लिहिणारा समीक्षक मला अजून भेटलेला नाही.) ते सोडा. खरा विचार करण्यासारखा शब्द शकुन. संस्कृतात शकुन म्हणजे पक्षी. पक्षी कोणत्या बाजूला उडाला, कसा ओरडला, यावरून पुढचे सांगायचे, म्हणून पक्ष्याचे नाव खुणेला मिळाले. टिटवी, घुबड, पिंगळा इथपर्यंत फारसे बिघडत नाही. पक्ष्यांना त्याचे सोयरसुतक नसते. पण गावगाड्याने त्याच यादीत माणसेही बसवली. विधवा समोर आली, अपशकुन. महाराच्या वाट्याला तर सांगावाच होता. मयताची बातमी गावोगाव पोचवणे हे त्याच्यावर लादलेले काम. मेलेले ढोर ओढणाराही तोच. काम गावाने लादले आणि त्या कामाची अशुभ छाया त्या माणसालाच चिकटवली. ग्रहण लागले की मात्र ‘दे दान सुटे गिराण’ म्हणत महार-मांग दारोदार फिरत आणि सूर्य सुटावा म्हणून गाव त्यांना दान देई. रोज ज्याची सावली अंगावर नको, त्याच्या ओरडण्याने सूर्यावरची सावली हटते! या तर्काला शास्त्र म्हणत.

म्हणजे काही माणसे खुणा वाचणारी आणि काही माणसे स्वतःच खूण. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले, त्यात जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो आणि नवरा-बायकोकडून पैसा उकळतो. भविष्य जोश्याच्या तोंडी, खर्च कुणब्याच्या माथी. मराठी नाट्यसमीक्षेने या नाटकाकडे किती वर्षे डोळेझाक केली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पण गावात खुणा वाचण्याची दुसरी एक विद्याही होती, तिला कुणी पंचांगात जागा दिली नाही. चोराचा माग काढत तो गावाच्या शिवेपर्यंत नेणे हे रामोश्याचे, जागल्याचे, महाराचे काम. मातीत उमटलेले पाऊल पाहून तो पुढची वाट सांगे. शकुनात पक्षी आणि मरण यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. मागात पाऊल आणि माणूस यांचा असतो. चाहूल हा शब्द मला या घराण्यातला वाटतो.

पाली परंपरेत याहून मोठी गोष्ट घडली आहे. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला, या चार दृश्यांना तिथे ‘पुब्बनिमित्त’ म्हटले आहे, म्हणजे पूर्वनिमित्त, आधीची खूण. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात हीच कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा वा प्रेत पाहिलेच नसेल, हे कसे मानायचे, असा त्यांचा साधा सवाल. त्यांनी तिथे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा घातला. खूण काढली आणि कारण ठेवले. तेही पाण्याचे कारण, आणि ठेवणारा महाडचा माणूस! त्याच ग्रंथात बालकाची लक्षणे पाहून भाकीत करणारा असितमुनी त्यांनी ठेवला आहे, हेही नोंदवले पाहिजे. तो का ठेवला, यावर आपल्या अभ्यासकांनी लिहावे.

बुद्धाने स्वतः ब्रह्मजालसुत्तात निमित्ते व स्वप्ने सांगण्याला हीन विद्या म्हटले. मंगल कशाला म्हणावे असे विचारले तेव्हा महामंगलसुत्तात त्याने आईबापांची सेवा, मूर्खांची संगत टाळणे असे आचरण मोजून सांगितले. हे सुत्त आपण लग्नात म्हणतो आणि तारीख मात्र पंचांगात पाहतो, अशी घरे मला ठाऊक आहेत.

म्हणून आपल्या कवितेत घुबड ओरडले, टिटवी टिवटिवली की मला अस्वस्थ वाटते. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये अंगात येण्याचे वर्णन केले, ते वस्तीचे वास्तव म्हणून, उपमेचा दागिना म्हणून नव्हे. फरक इथे आहे. आणि समीक्षकांनाही हेच. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ला (१९६३) कुणी नांदी म्हटले की माझा प्रश्न असतो: त्या कथेतली रेल्वेची नोकरी आणि परगावी डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून लपवावी लागलेली जात, ही कारणे तुम्ही वाचलीत कुठे?