काळ्या काचेची परीक्षा

हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून वाढतात. भर उन्हात त्याची फिल्म घ्यायची आणि शटर १/५० वर ठेवायचं, तर लेन्सला काळा चष्मा हवाच. फिरता एनडी फिल्टर म्हणजे दोन पोलरायझर काचा. एक फिरवा, अंधार वाढतो. स्वस्त फिल्टर ‘२ ते ४००’ची आश्वासनं देतो, अगदी निवडणुकीतल्या उमेदवारासारखी! शेवटच्या टोकाला वाइड लेन्सवर काळी फुलीच उमटते आणि वांग्याच्या भाजीचा रंग बिघडतो, तो वेगळाच. तेव्हा मंडळी, ‘४ ते ३२’ एवढंच कबूल करून तिथेच अडणारा फिल्टर घ्या. तोही सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा, एकच. बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग लावा. बेताचं बोलणाराच शब्दाला जागतो.