दलित स्त्रियांची आत्मकथने

मराठी दलित आत्मकथनांतील एक प्रवाह. दया पवार यांच्या बलुतं (१९७८) नंतर अल्पावधीतच कुमुद पावडे यांचे अंतःस्फोट (१९८१), मुक्ता सर्वगोड यांचे मिटलेली कवाडे (१९८३), तसेच शांताबाई कांबळे यांचे माज्या जल्माची चित्तरकथा आणि बेबी कांबळे यांचे जिणं आमुचं (दोन्ही १९८६) ही पुस्तके प्रसिद्ध झाली.

या लेखनातील ‘मी’ बहुधा ‘आम्ही’च्या आडून बोलतो. जिणं आमुचं मध्ये महारवाड्यातील उपासमार, बाळंतपणे, सासुरवास आणि डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने आलेली जाग यांचे रोखठोक चित्रण आहे. लेखिकेचा स्वतःचा संसार मात्र त्यात जवळजवळ नाहीच. हे लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे पतीपासून लपवून ठेवले होते. पतीच्या मारहाणीविषयी त्या मोकळेपणाने बोलल्या, त्या इंग्रजी अनुवादासोबतच्या (२००८) मुलाखतीत. जातीय अवहेलना मांडण्याची भाषा चळवळीने दिली होती. घरातील अन्याय त्याच भाषेत मांडणे म्हणजे आपल्याच माणसांना परक्यांसमोर उघडे पाडणे ठरले असते. म्हणून या मौनाला केवळ वाङ्‌मयीन उणीव म्हणता येत नाही. ऊर्मिला पवार यांच्या आयदान (२००३) मध्ये ते बऱ्याच अंशी सुटले. पतीची नाराजी आणि चळवळीतील पुरुषांची वृत्ती यांची तीत स्पष्ट नोंद आहे.

असाच पेच इतरत्रही आढळतो. नाब्लुस येथील पॅलेस्टिनी कवयित्री फदवा तूकान (१९१७–२००३) यांनी आपल्या आत्मचरित्रात (१९८५) नोंदविले आहे, की वडील त्यांच्याकडून राजकीय कवितेची अपेक्षा करीत, पण घराचा उंबरठा मात्र ओलांडू देत नसत. तेथे प्रश्न हिरावलेल्या भूमीचा होता, येथे स्वतःच्याच गावात वेशीबाहेर राहण्याचा. हा भेद अर्थातच मोठा आहे.

काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०) आणि येवल्याची धर्मांतर घोषणा (१९३५) यांमुळे नासिक जिल्ह्याला या चळवळीत विशेष स्थान आहे. तेथील नेत्या व दादासाहेब गायकवाड यांच्या सहकारी शांताबाई दाणी यांचे रात्रंदिन आम्हा (१९९०; शब्दांकन भावना भार्गवे) हे आत्मकथन या प्रवाहात वेगळे उठून दिसते. सभा, संघटना, सत्याग्रह यांतूनच त्यातील ‘मी’ घडत जातो. स्त्री येथे केवळ सोसणारी नसून निर्णय घेणारी आहे. दलित स्त्रीच्या लेखनात प्रथम वेदना शोधण्याची समीक्षेची सवय असल्यामुळेच की काय, या पुस्तकाची चर्चा त्या मानाने कमी झाली.