पुस्तकाआधींचें घर

नवोदित लेखकास अलीकडे एक उपदेश सर्रास करण्यांत येतो. पहिलें पुस्तक छापण्यापूर्वीं त्यानें आपल्या नांवाचें संकेतस्थळ उभारावें, तेथें वाचक जमवावे आणि मगच प्रकाशकाची पायरी चढावी, असा तो उपदेश आहे. कांहीं वडीलधाऱ्या मंडळींस ह्यांत निव्वळ जाहिरातबाजी दिसते. कांहीं तरुणांस ह्यावांचून तरणोपाय नाहीं असें वाटतें. आमच्या मतें दोन्ही पक्ष मूळ प्रश्न बाजूस सारतात. पुस्तकापूर्वीं लेखकाची ओळख व्हावी कीं न व्हावी, हा वादाचा मुद्दाच नव्हे. ती ओळख कशाच्या योगानें व्हावी, हा खरा मुद्दा आहे.

पुस्तकाआधीं नांव होणें ही गोष्ट मराठींत नवी नाहीं. त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांस ‘बालकवि’ ही पदवी १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत मिळाली, तेव्हां त्यांच्या नांवावर एकही संग्रह नव्हता. परंतु ह्या प्रश्नावर सर्वांत अधिक प्रकाश पाडणारें उदाहरण बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचें आहे. कवि नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजेच ना. घ. देशपांडे, ह्यांचा जन्म १९०९ सालचा. मेहकरास वकिली करीत त्यांनीं कविता लिहिली. त्यांची ‘शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी ह्यांनीं गाइली आणि १९३० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताचा आरंभ सांगतांना ह्या मुद्रिकेचा उल्लेख आजही होतो. कवीचा पहिला संग्रह ‘शीळ’ मात्र प्रसिद्ध झाला १९५४ सालीं. म्हणजे कविता घरोघर पोहोंचल्यावर पुस्तक यावयास वीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

त्या मुद्रिकेनें श्रोत्यास काय दिलें, तें नीट पाहावें. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटें वाजे. तींत कवीचें चरित्र सांगावयास जागा नव्हती. त्याच्या सत्कारांची यादी नव्हती, आगामी पुस्तकाची घोषणा नव्हती. मुंबईच्या वा पुण्याच्या श्रोत्यानें मेहकर पाहिलेलेंही नसेल. त्याच्या हातीं पडली ती एक पुरी झालेली कविता. ती आवडली म्हणून ती कोणाची, हें कुतूहल जागें झालें. आधीं कृति, मागून कर्ता, असा हा क्रम आहे. आणि आमच्या मतें तोच स्वाभाविक आहे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, देशपांड्यांस गायक लाभला, तबकडी काढणारी कंपनी लाभली; लोणारच्या वा चिखलीच्या आजच्या तरुणानें कोणाची वाट पाहावी? हा आक्षेप बिनतोड आहे, आणि संकेतस्थळाचें खरें समर्थनही ह्यांतच आहे. संपादकाची मर्जी, शहरांतील ओळख, मंडळांची सभासदगिरी ह्यांपैकीं कशाचीही याचना न करतां खेड्यांतील लेखक आज आपलें लेखन जगापुढें ठेवूं शकतो. युनिकोड रूढ झाल्यापासून देवनागरींतील मजकूर शोधणाऱ्यास सांपडतो, आणि २०१४ पासून ‘.भारत’ ह्या शेपटानें पत्ताही देवनागरींत घेतां येतो. हें स्वातंत्र्य थोडें नव्हे. तें ज्यास नको वाटतें, त्यानें दारें बंद असतांना आपण कोणत्या बाजूस उभे होतों हें आठवावें.

परंतु स्वातंत्र्य मिळालें म्हणजे तें कसें वापरावें, हेंही कळतेंच असें नाहीं. नवोदितांच्या पुष्कळ संकेतस्थळांत दोन दोष आढळतात. पहिला असा कीं, तेथें लेखक असतो, लेखन नसतें. दर्शनी पानावर छायाचित्र, त्याखालीं हारतुऱ्यांचीं चित्रें, मग ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी. वाचक घर पाहून परत फिरतो. घरांत कोणी बोलतच नाहीं. दुसरा दोष ह्याच्या उलट आहे. कालची कविता आज चढवावयाची, उद्यां आणखी दोन. वहींतील एकही कागद मागें ठेवावयाचा नाहीं. संग्रह म्हणजे निवड होय. कोणतें ठेवावें व कोणतें फाडावें, हा निर्णय एकांतांत घ्यावयाचा असतो. लिहिलें तें तत्काळ चव्हाट्यावर मांडण्याची संवय जडली कीं हा निर्णय होतच नाहीं, आणि पहिल्या पुस्तकास जी परिपक्वता लागते ती प्रशंसेच्या गलबल्यांत हरवते. शिवाय अनेक मासिकें व दिवाळी अंक अप्रकाशित लेखनच मागतात. सर्व कांहीं आधींच मांडून ठेवणाऱ्यानें तेंही दार आपल्या हातानें लावून घेतलेलें असतें.

म्हणून आमची सूचना एवढीच. घर अवश्य बांधावें, पण स्वतःच्या जागेवर. परक्यांच्या मोठ्या वाड्यांत बिऱ्हाड केलेल्यांचें काय झालें, हें जिओसिटीज २००९ सालीं व गूगल प्लस २०१९ सालीं बंद पडलें तेव्हां दिसलेंच आहे. स्वतःच्या नांवाचा पत्ताही कायमचा विकत मिळत नाहीं. तो भाड्यानें असतो आणि मुदतींत नूतन न केल्यास दुसऱ्याच्या हातीं जाऊं शकतो, हेंही ध्यानांत असावें. घरांत चारपांच रचना ठेवाव्या. परंतु त्या अशा कीं, पुढें एक शब्दही बदलावासा वाटूं नये. स्वतःविषयीं चार ओळी आणि पत्रव्यवहाराचा पत्ता पुरे. बाकी कागद वहींत राहूं द्यावे.

एका गाजलेल्या कवितेचें ओझेंही असतेंच. लोक तिलाच कवि समजूं लागतात. देशपांडे त्या ओझ्याखालीं थांबले नाहींत. ‘शीळ’ नंतर १९६३ सालीं ‘अभिसार’ आला आणि उतारवयांतल्या ‘खूणगाठी’ ह्या संग्रहास १९८६ सालचें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. आरंभींच्या कीर्तीनें वाचक दारापर्यंत आणला. त्यास पन्नास वर्षें बसवून ठेवलें तें पुढल्या कवितेनें. वीस वर्षें थांबणें प्रत्येकास साधणार नाहीं, साधावें असेंही नाहीं. परंतु घराचें दार उघडण्यापूर्वीं आंत एक तरी वस्तु अशी असावी, कीं जिच्यासाठीं अनोळखी माणसानें उंबरठा ओलांडावा. ती नसेल तर दाराचा रंग कितीही उजळला, तरी येणारा पुन्हां फिरकणार नाहीं.