मासे खाणे सोडले की समुद्र भरेल?

अली तबरीझी यांचा 'सीस्पायरसी' हा माहितीपट २०२१ साली आला. वर्गात दाखवावा की नाही असा प्रश्न पडावा इतका तो परिणामकारक आहे. जाळ्यांत अडकलेले डॉल्फिन, फेरो बेटांवरची व्हेलची कत्तल पाहून आम्हीही अस्वस्थ झालो. पण त्याचा शेवटचा सल्ला एकच: मासे खाणे सोडा. इथे आमची हरकत आहे.

२०४८ पर्यंत समुद्र जवळजवळ रिकामे होतील, असे चित्रपट सांगतो. हा आकडा बोरिस वर्म व सहकाऱ्यांच्या २००६ च्या निबंधातला. एखाद्या जातीची पकड आजवरच्या कमाल पकडीच्या १० टक्क्यांखाली गेली की ती 'कोसळली' असे त्यात मानले होते, आणि आलेखाची रेघ तशीच पुढे वाढवली होती. आता विद्यार्थ्यांना विचारा: पकड घटली म्हणजे मासेच घटले का? मासेमारीवर बंदी घातली तरी पकड घटतेच! टीकाकार रे हिलबोर्न आणि वर्म यांनी मग एकत्र बसून आकडे तपासले. त्यांच्या २००९ च्या निबंधानुसार ६३ टक्के साठे अजून सावरायचे होते. पण १० पैकी ५ परिसंस्थांत मासेमारीचा दाब उतरला होता. हा निबंध चित्रपटाला आठवत नाही.

सावरणे सोपे असते असे मुळीच नाही. कॅनडाने न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी २ जुलै १९९२ रोजी थांबवली, सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून घातलेली, उठली २०२४ मध्ये! जॉर्जेस बँकवर मात्र १९९४ साली काही भाग बंद केल्यावर स्कॅलप शिंपले दहा वर्षांच्या आत भरघोस वाढले. शिंपला फारसा हलत नाही आणि लवकर वयात येतो. न्यूफाउंडलंडच्या कॉडला वयात यायलाच पाच-सहा वर्षे लागतात.

जीव मारावा की नाही हा प्रश्न वेगळा. त्यावर शाकाहारी वाचकांशी आमचा वाद नाही. पण ताटातला मासा गेला तरी ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी बारीक पिल्ले मत्स्यचूर्ण होऊन कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जातातच. जाळ्याची आस किती मोठी असावी, पावसाळी बंदी किती दिवस असावी, यावर चित्रपट गप्प आहे. वर्गात कोळीवाड्यातले मूल असेल तर ते यावर गुरुजींपेक्षा जास्त सांगेल.

चित्रपट जरूर दाखवा. २०४८ चा उल्लेख आला की मात्र थांबवा आणि तो आलेख मुलांकडून फळ्यावर काढून घ्या.