दप्तराचा धनी आणि वाचकाचें नांव

मिरारोड व भाईंदर यांच्या दरम्यान हाटकेश नांवाची वस्ती आहे. आज तेथें कारखाने व उंच इमारती दिसतात. परंतु घोडबंदरचा कोट तेथून दूर नाहीं, पश्चिमेस धारावीचा डोंगर आहे, आणि खाडीपलीकडे वसई. इ. स. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेची ही भूमि. तिचा इतिहास लिहूं पाहणारास प्रथम हातीं येतो तो पेशवे दप्तराच्या छापील निवडीचा १६ वा भाग. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अल्प अवधींत या निवडीचे ४५ भाग काढले. त्या उद्योगाची थोरवी कोणीहि कमी लेखूं नये. तथापि निवड म्हणजे दप्तर नव्हे, हें पुष्कळ अभ्यासक विसरतात. दप्तराचा मोठा भाग हिशेबी; निवडीचा ओढा राजकारणाकडे. वेढ्याची हकीकत ज्यास पाहिजे त्याची सोय झाली. मिठागरें, जकाती व गांवांचा वसूल यांचा शोध ज्यास करावयाचा त्यास रुमाल सोडण्यावांचून गत्यंतर नाहीं.

ग्रंथ जप्त करणें ही नियंत्रणाची ढोबळ रीत होय. दार न उघडणें ही तिच्याहून परिणामकारक. १८१८ नंतर दप्तर कंपनीसरकारच्या हातीं गेलें. ग्रँट डफ यास कागद पाहतां आले. एतद्देशीय संशोधकांस तें दार दीर्घकाळ बहुधा बंदच होतें. राजवाडे गांवोगांव खाजगी दप्तरें धुंडाळीत फिरले व १८९८ सालीं त्यांनीं साधनांचा पहिला खंड छापला, त्यास ही पार्श्वभूमि आहे. ज्या घराण्यांनीं त्यांस परत पाठविलें त्यांस कृपण म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनानें सनदा तपासल्या व कित्येकांचीं इनामें गेलीं. कागद दाखविल्यानें जमीन जाते हा धडा घरोघर मुरला होता.

आतां संग्राहकांच्या एका समजुतीविषयीं स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. जुनें मोडी पत्र विकत घेतलें कीं त्यांतील मजकुराचा हक्कहि आपला, असें मानून नक्कल देण्यास नकार देणारे, किंवा नक्कल देतांना छापण्याची मनाई लिहून घेणारे सद्गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. कागदाची मालकी व लेखनाचा स्वामित्वाधिकार या दोन भिन्न गोष्टी होत. १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमांत अशी सवलत आहे कीं, लोकांस खुल्या असलेल्या ग्रंथालयांत वा संग्रहालयांत ठेवलेल्या अप्रकाशित लेखाची संशोधनार्थ अथवा प्रकाशनार्थ नक्कल करतां येते. लेखक ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूस ६० वर्षें उलटलेलीं असावीं एवढीच अट. पेशवाईंतील कारकुनाच्या बाबतींत ती अट केव्हांच पुरी झाली आहे. सवलत खुल्या संस्थेपुरती आहे, घरांतील पेटीस ती लागू नाहीं. म्हणूनच पेटी संस्थेस देणारानें ‘अमुक वर्षें कोणास दाखवूं नये’ अशी अट घातल्यास मुदत लेखी ठरवून घ्यावी, आणि मुदत नसलेली अट संस्थेनें स्वीकारूं नये. दत्तकाचे तंटे, कर्जाच्या याद्या, अलीकडच्या पिढ्यांचीं खाजगी पत्रें यांस कांहीं काळ पडदा असणें योग्यच. परंतु पणजोबांच्या कर्जाची लाज पणतूनें किती काळ बाळगावी?

मयतांच्या खाजगीपणाची एवढी काळजी वाहणाऱ्या संस्था जिवंत वाचकाचा विचार क्वचितच करतात. डिसेंबर २००३ मध्यें जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक पुस्तकाच्या ऋणनिर्देशांत नांव आहे एवढ्यावरून पुण्यांतील एका पंडिताच्या तोंडास काळें फासण्यांत आलें. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन पोथ्या व ग्रंथ यांची नासधूस झाली. राज्यसरकारनें पुस्तकावर बंदी घातली. ती मुंबई उच्च न्यायालयानें २००७ सालीं रद्द केली व सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं तो निर्णय कायम केला. न्याय झाला, पण साडेसहा वर्षांनीं. आणि फाटलेल्या पोथ्यांस निकालाचा उपयोग नाहीं. पुस्तकांतील विधानें टीकेस पात्र असतील, तर तीं टीकेनें खोडावीं. तें काम अशा त्रैमासिकांचें आहे. परंतु कोणी कोणास कोणता कागद काढून दिला, ही बाब ज्या दिवशीं शिक्षेचें कारण ठरली, त्या दिवसापासून मागणीचिठ्ठ्यांची वही ही केवळ कारकुनी वही राहिली नाहीं. अनेक ग्रंथालयांत ती आजहि मेजावर उघडी असते: नांव, पत्ता, रुमालाचा क्रमांक; पुढच्या वाचकानें मागचीं पानें चाळावीं. कागद परत येऊन तपासला गेल्यावर चिठ्ठीवरील नांव वेगळें काढावें, क्रमांक व तारीख तेवढी ठेवावी. कागदाच्या सुरक्षिततेस तेवढें पुरतें. न्यायालयाच्या लेखी आज्ञेखेरीज ती नोंद कोणासहि दाखवूं नये, मग विचारणारा देणगीदार असो वा विश्वस्त.